पाटावरून उठताना

गेल्या चैत्रातली गोष्ट. आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. गौर झोपाळ्यावर विराजमान झाली होती, आंब्याची डाळ आणि पन्हे यांचा वास दिवाणखान्यात दरवळत होता, आणि आमच्या आत्याबाई नेहमीप्रमाणे सतरंजीच्या मध्यभागी मांडी घालून बसल्या होत्या. आत्याबाईंनी नुकतीच वयाची बहात्तर वर्षे पूर्ण केली आहेत. दिवेलागणीला बायकांची ये-जा थांबली आणि आत्याबाई उठू लागल्या. पण उठता येईना. एक हात टेकला, मग दुसरा टेकला, गुडघ्यांवर आल्या, पुन्हा बसल्या. अखेर दोघी सुनांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. त्या हसल्या, आम्हीही हसलो. रात्री मात्र त्या म्हणाल्या, "यापुढे मला खुर्चीच देत जा रे. खाली बसण्याचे दिवस संपले माझे."

आम्ही आज्ञाधारक भाचे! दुसऱ्याच आठवड्यात उंच खुर्ची आली, देवघरात पाटाच्या जागी स्टूल आले, ताट टेबलावर गेले. पाणी हाताशी, चष्मा हाताशी, जपमाळ हाताशी. "आत्याबाई, तुम्ही उठू नका," हे वाक्य घरात दिवसातून वीस वेळा उच्चारले जाऊ लागले. आषाढ लागला, तो आत्याबाईंना त्या उंच खुर्चीतूनही हात टेकल्यावाचून उठता येईना. आणि बसताना तर शेवटचे वीतभर अंतर त्या धपकन खाली येऊ लागल्या. इतकी काळजी घेऊनही फळ असे उलटे का मिळावे, हे आम्हांस उमगेना.

आषाढीच्या फराळाला आमच्या धाकट्या सुनेची मावसबहीण आली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिने आत्याबाईंना बसताना पाहिले, हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "आजी, एकदा उठून पुन्हा बसा बघू. अगदी हळू." मग तिने मुलांकडून दोन फूटपट्ट्या, एक खिळा आणि हातभर सुतळी मागवली. पुढचा तासभर आमच्या दिवाणखान्यात जी शाळा भरली, तिचाच वृत्तान्त या महिन्याच्या सदरात देण्याचे आम्ही योजिले आहे.

दोन फूटपट्ट्यांची टोके तिने खिळ्याने एकमेकींस जोडली. हा झाला सांधा. सुतळीचे एक टोक वरच्या पट्टीला बांधले, दुसरे टोक सांधा ओलांडून खालच्या पट्टीला, सांध्यापासून थोड्याच अंतरावर बांधले. सुतळी ओढली की खालची पट्टी वर उचलली जाई. सुतळी ढकलली तर मात्र ती नुसतीच गोळा होई. ती म्हणाली, "एवढे लक्षात ठेवले की निम्मे शरीरशास्त्र आले. स्नायू फक्त ओढतो. तो कधीही ढकलत नाही."

वाचकहो, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. आपण दार ढकलतो, गाडी ढकलतो, लाटणे पुढे ढकलतो. परंतु यांतील प्रत्येक वेळी आतला स्नायू कोणत्या ना कोणत्या हाडाला ओढतच असतो. आपल्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. बहुतेकांची दोन्ही टोके कंडरा नावाच्या चिवट दोरीने हाडांना घट्ट बांधलेली असतात. जे टोक सहसा स्थिर राहते त्याला उगम म्हणतात आणि ज्या टोकाकडचे हाड हलते त्याला निवेश म्हणतात. या दोन टोकांच्या मध्ये कोणता सांधा येतो आणि स्नायू त्याच्या पुढून जातो की मागून, एवढे कळले की त्या स्नायूचे काम सांगता येते. पुढून जाणारा एका दिशेस वाकवतो, मागून जाणारा उलट दिशेस नेतो. म्हणूनच सांध्याभोवती स्नायू जोडीजोडीने असतात. एकाने वाकवावे, दुसऱ्याने सरळ करावे.

दंडाचेच उदाहरण घ्या. कोपर वाकवला की दंडावर जी बेटकुळी उठते, तिच्यात आपल्या पूर्वजांना बेडकी दिसली. लॅटिन भाषिकांना तिथे उंदराचे पिलू दिसले असावे, कारण स्नायूसाठी पाश्चात्त्य भाषांत रूढ असलेला 'मसल' हा शब्द मूळ लॅटिनमधील 'लहान उंदीर' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. ही बेटकुळी ज्या स्नायूची, त्याला दोन शिरे आहेत म्हणून तो द्विशिर स्नायू. त्याची दोन्ही शिरे खांद्याच्या फऱ्याच्या हाडापासून निघतात. एक खांद्याच्या खोबणीच्या वरून, दुसरे फऱ्याच्या पुढे आलेल्या चोचीसारख्या टोकावरून. खाली तो कोपर ओलांडतो आणि हाताच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, कोपरापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर, जोडला जातो.

आता थोडा हिशेब करू. कोपर काटकोनात वाकवून आपण पाण्याने भरलेला दोन किलोंचा तांब्या धरला आहे आणि तो कोपरापासून पस्तीस सेंटिमीटरवर आहे असे समजा. तांब्याचे अंतर दोरीच्या अंतराच्या सातपट. म्हणजे दोन किलोंचा तांब्या नुसता धरून ठेवण्यास कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना सुमारे चौदा किलोंची ओढ द्यावी लागते. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. मग निसर्गाने ही दोरी मनगटापाशी का बांधली नाही? कारण या तोट्याच्या सौद्यात एक मोठा नफा आहे. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात सेंटिमीटर वर येतो. शक्ती देऊन आपण वेग आणि व्याप्ती विकत घेतली आहे. घास तोंडाशी नेणे, चेंडू फेकणे, माशी वारणे, ही सारी त्याचीच फळे.

हा हिशेब प्रथम नीट मांडला तो जिओव्हान्नी आल्फोन्सो बोरेली या इटालियन गणितज्ञाने. १६७९ साली तो वारला आणि पुढच्या दोन वर्षांत प्राण्यांच्या हालचालींवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. थोड्या शक्तीने मोठे ओझे हलवणारे यंत्र म्हणजे शरीर, अशी समजूत तोपर्यंत प्रचलित होती. बोरेलीने दाखवले की वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सांध्याच्या अगदी जवळ बांधलेल्या दोऱ्यांना उचललेल्या ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. आत्याबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या सिद्धान्तात आहे, ते पुढे दिसेलच.

तत्पूर्वी एक गंमत घरच्या घरी करून पाहा. उजवा कोपर काटकोनात ठेवून डाव्या हाताने बेटकुळीची जागा धरा आणि तळहात पालथ्याचा उताणा करा. कोपर तसूभरही हलत नाही, पण बेटकुळी टणक होते. द्विशिर स्नायू अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला बांधलेला आहे आणि ते हाड स्वतःभोवती फिरू शकते, हे त्याचे कारण. म्हणून उजव्या हाताने किल्ली उजवीकडे फिरवताना किंवा स्क्रू घट्ट पिळताना हाच स्नायू कामी येतो. त्याच्याखाली दडलेला दुसरा स्नायू करंगळीच्या बाजूच्या हाडाला जोडलेला आहे; ते हाड असे फिरत नाही, म्हणून तो बिचारा कोपर वाकवण्यापलीकडे काही करत नाही. केवळ निवेशाची जागा बदलली की काम कसे बदलते, ते यावरून ध्यानात येईल. दंडाच्या मागच्या बाजूचा त्रिशिर स्नायू कोपराच्या टोकदार हाडाला, जे आपण टेबलावर टेकवतो त्यालाच, वरून ओढतो आणि हात सरळ करतो. खुर्चीच्या हातांवर भार देऊन आत्याबाई उठत, तेव्हा राबत होता तो हा त्रिशिर. पायांचे काम हातांवर आले होते.

आता पायांकडे वळू. त्या मुलीने आत्याबाईंच्या गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उठण्याचे मोठे यंत्र इथे आहे." मांडीच्या पुढच्या बाजूस चार शिरांचा एक प्रचंड स्नायू आहे, चतुःशिर. त्याची तीन शिरे मांडीच्या हाडापासूनच निघतात; चौथे त्याहून वरून, कमरेच्या हाडापासून येते. चारही मिळून एक जाड कंडरा होते, तिच्यात गुडघ्याची वाटी बसवलेली असते आणि तिथून ती नडगीच्या हाडावर उतरते. वाटीच्या खाली दोन-तीन बोटांवर जो उंचवटा हाताला लागतो, तोच चतुःशिराचा निवेश. डॉक्टर गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारतात ती याच कंडरेवर. ती क्षणभर ताणली जाते, स्नायू चमकून आखडतो आणि पाय उडतो. वाटीचे काम काय, असे मुलांनी विचारले. विहिरीवरच्या रहाटाचे चाक दोराला काठापासून दूर धरते, तशी वाटी कंडरेला सांध्याच्या मध्यापासून थोडी पुढे उचलून धरते. त्यामुळे तेवढ्याच ओढीत अधिक काम होते.

परंतु एकटा गुडघा माणसाला उभा करू शकत नाही. कंबर मागून सरळ करणारा नितंबाचा मोठा स्नायू कमरेच्या हाडाच्या मागच्या भागापासून व माकडहाडाच्या परिसरातून निघतो आणि मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूस, तसेच मांडीच्या बाहेरून नडगीपर्यंत उतरणाऱ्या रुंद पट्ट्यास, जोडला जातो. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना त्याला फारसे काम नसते. जिना चढताना, चढण चढताना आणि बसल्याचे उठताना मात्र त्याच्यावाचून चालत नाही. म्हणूनच रोज सकाळी मैदानाला फेऱ्या घालणारी माणसेही पाटावरून उठताना अडखळतात. चालणे उत्तमच, पण ते उठण्याचा सराव नव्हे.

मांडीमागच्या दोऱ्यांची तऱ्हा निराळी. बसल्यावर जे हाड जमिनीला टेकते, तिथून त्या निघतात आणि गुडघा ओलांडून खाली जोडल्या जातात. म्हणजे त्यांच्या वाट्याला कंबर आणि गुडघा असे दोन सांधे येतात. गुडघे ताठ ठेवून जमिनीवरची वस्तू उचलायला गेलात तर पायामागे ताण बसतो आणि गुडघे किंचित वाकवताच तो सैल होतो, याचे कारण हेच. पोटरीच्या वरच्या स्नायूचेही तसेच. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला सुरू होतो, आपल्याखालच्या जोडीदारासह एका जाड कंडरेत मिळतो आणि टाचेच्या हाडाला जाऊन धरतो. फळीवरचा डबा काढण्यासाठी आपण चवड्यांवर उभे राहतो, ते या दोघांच्या बळावर.

आणि मांडी घालून बसण्याचे काय? त्या मुलीने एक नाव सांगितले, ते ऐकून आत्याबाईंसह सगळेच हसले. कमरेच्या पुढच्या बाजूस हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून एक अरुंद पट्टीसारखा स्नायू निघतो, मांडीवरून तिरपा आत उतरतो आणि नडगीच्या वरच्या भागाला आतून जोडला जातो. शरीरातील हा सर्वांत लांब स्नायू. मांडी वर उचलणे, बाहेर वळवणे आणि गुडघा दुमडणे या तिन्ही क्रियांना तो मदत करतो. म्हणजेच मांडी घालण्यास. युरोपात मांडी घालून बसत ते शिंपी, म्हणून तेथील शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'शिंप्याचा स्नायू' असे नाव दिले. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "आपल्याकडे नाव ठेवायचे असते, तर पंगतीचा स्नायू म्हटले असते."

आता मूळ प्रश्न. उठता येत नाही हे समजले. पण बसताना धपकन का? खाली येणे तर वजनाने आपोआप व्हावे! इथेच स्नायूंचे सर्वांत नवलाचे काम दिसते. आडात पोहरा सोडताना आपण दोर सोडून देत नाही. तो हातांनी धरून ठेवतो आणि ओढ कायम ठेवीत हळूहळू लांबू देतो. सावकाश बसताना चतुःशिर आणि नितंबाचा स्नायू नेमके हेच करतात. ओढत असतानाच लांब होत जातात. जसजसा गुडघा वाकतो, तसतसे शरीराचे वजन गुडघ्यापासून मागे जाते आणि बोरेलीच्या हिशेबाने दोरीवरचा ताण वाढत जातो. शेवटच्या वीतभर अंतरात स्नायूंना तो ताण पेलवेनासा झाला की दोर हातातून सुटतो. आत्याबाईंचा दोर तिथे सुटत होता.

तो का सुटू लागला, याचे उत्तर ऐकून आम्हांस मान खाली घालावी लागली. उतारवयात स्नायू हळूहळू झिजतात हे खरे. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतून 'सार्कोपेनिया', म्हणजे मांसाची उणीव, असे नाव सुचवले. परंतु ज्या स्नायूला ओढण्याचे कामच मिळत नाही तो कितीतरी वेगाने झिजतो. चैत्रापूर्वी आत्याबाई पूजेला, जेवायला, भाजी निवडायला, पोथी वाचायला दिवसातून आठ-दहा वेळा खाली बसत आणि उठत. तेवढ्या बैठका त्या नकळत घालत होत्या. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि बैठका काढून घेतल्या. आजारपणाने नव्हे, तर आमच्या मायेने त्यांची मांडी तीन महिन्यांत निकामी होत आली होती.

बडोद्यास राहून हे आम्हांस कळू नये, याची लाज अधिक वाटली. ज्या शहरात प्रो. माणिकरावांच्या तालमीने पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या आणि जिथे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला, तिथल्या घरात जोर आणि बैठक हे शब्द अपरिचित नाहीत. बैठक म्हणजे दिवाणखाना, बैठक म्हणजे गाण्याची मैफल आणि बैठक म्हणजे मांडीचा व्यायाम. पहिल्या दोन आम्ही जतन केल्या, तिसरी तेवढी तरुणांसाठी आहे असे धरून चाललो.

ती तशी नाही, याला भक्कम पुरावा आहे. १९९० साली बॉस्टन येथील संशोधकांनी नव्वदीच्या आसपास वय असलेल्या दहा वृद्धाश्रमवासी व्यक्तींकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरीने अडीच पटींहून अधिक झाली. नव्वदाव्या वर्षीही स्नायू शिकवले तर शिकतो! ब्राझीलमधील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली पाहणीही आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. ५१ ते ८० वर्षांच्या २००२ स्त्री-पुरुषांना त्यांनी जमिनीवर बसून उठावयास सांगितले. बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच गुण. हात, गुडघा असा प्रत्येक आधार घेतला की एक गुण वजा. पुढे काही वर्षांत, ज्यांचे गुण फार कमी होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. याचा अर्थ उठता येत नाही म्हणून माणूस मरतो असा नव्हे. पण पाटावरून उठणे हा एकूण प्रकृतीचा आरसा आहे, एवढे खास.

आत्याबाईंसाठी त्या मुलीने सांगितलेला क्रम असा. भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची घ्यावी आणि तिच्यावर घट्ट घडी केलेले पांघरूण ठेवून बैठक उंच करावी. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, छाती पुढे झुकवावी, नाक पायांच्या बोटांच्या रेषेत आले की उठावे. पुढे झुकणे का, हे मुलांनी एका खेळाने पडताळले. ताठ बसलेल्या माणसाच्या कपाळाला एक बोट टेकवून धरले की त्याला उठताच येत नाही. शरीराचा भार पावलांवर आल्यावाचून कोणताही स्नायू त्याला उचलू शकत नाही. उठल्यावर मनात पाच अंक मोजत हळूहळू बसावे. असे पाच वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. शेजारी कोणी उभे असावे; पण हात देऊ नये. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत कठीण गेला.

येथे एक सूचना आवर्जून करतो. ज्यांना सांध्यांचा तीव्र विकार आहे, ज्यांचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्यांना चक्कर येते वा हृदयविकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून यांतील काहीही करू नये. व्यायामात मांडी दमावी. गुडघ्यात कळ यावी हे अपेक्षित नाही.

पहिल्या आठवड्यात आत्याबाई तिसऱ्या खेपेलाच थकत. दुसऱ्या आठवड्यात मांड्या दुखतात म्हणून त्यांनी संप पुकारला आणि नातीने तो मोडून काढला. श्रावण निम्मा सरला तेव्हा खुर्चीवरचे पांघरूण निघाले. मग खुर्ची गेली आणि बुटके स्टूल आले. मंगळागौरीच्या रात्री मुलींचे खेळ पाहत त्या स्टुलावरून दोनदा कारण नसताना उठल्या आणि बसल्या. आम्ही पाहिले, पण बोललो नाही.

भाद्रपदात गणपती आले. आरती झाली, पंगत मांडली गेली. आम्ही सवयीने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी पायाने बाजूला सारली आणि पाटावर बसल्या. हळू बसल्या, शेवटची वीतही हळूच. उकडीचे दोन मोदक खाल्ले, वर तूप मागून घेतले. जेवण झाल्यावर दोघी सुना सवयीने पुढे सरसावल्या. "मागे व्हा गं," आत्याबाई म्हणाल्या. डावा हात जमिनीवर टेकला, उजवा गुडघ्यावर ठेवला, पुढे झुकल्या आणि उभ्या राहिल्या. दोन आधार घेतले. ब्राझीलच्या डॉक्टरांनी दोन गुण कापले असते. त्यांना त्याची पर्वा नव्हती. आपले ताट आपणच उचलून त्या मोरीकडे निघाल्या, आणि या खेपेस "तुम्ही राहू द्या, आत्याबाई," असे घरात कोणीही म्हटले नाही.